‘विकासकेंद्र’ लिहिण्याआधी दोन प्रश्न

पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी आराखडा लिहिताना ‘पुणे हे डिजिटल अर्थव्यवस्थेचं विकासकेंद्र आहे’ असं वाक्य तुम्ही लिहिलं असेल, तर जरा थांबा. मीही लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात एवढंच विचारलं : ‘केंद्र कशाचं? आणि परीघ कोणता?’ मला सांगता आलं नाही. म्हणून आज ही संकल्पनाच तपासून बघू.

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ फ्रांस्वा पेरू यांनी १९५५ मध्ये ‘विकासध्रुव’ मांडला. त्यांच्या लेखी ध्रुव म्हणजे एक जोमदार उद्योग आणि खरेदी-विक्रीने त्याला बांधलेले बाकीचे उद्योग. नकाशावरच्या ठिपक्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. पुढे बुदव्हील यांनी त्याला भौगोलिक रूप दिलं आणि नियोजनकारांनी सोयीचं तेवढं उचललं : एक जागा निवडा, रस्ता-वीज द्या, विकास आपोआप आजूबाजूला झिरपेल. माझा पहिला आक्षेप इथे आहे. जागा मिळाली म्हणून नाती तयार होत नाहीत.

पिंपरी-चिंचवडला दोन्ही अर्थ बऱ्यापैकी जुळले. टेल्को आणि बजाज ऑटोसारखे मोठे कारखाने आले, आणि भोसरी-चिंचवडच्या छोट्या वर्कशॉपमधून त्यांना सुटे भाग जाऊ लागले. हिंजवडीतही जमीन एमआयडीसीनेच दिली. पण तिथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचं मोठं गिऱ्हाईक परदेशात, आणि ‘कच्चा माल’ म्हणजे गावोगावहून आलेली शिकलेली मुलं. मुळशीतल्या शेजारच्या गावांना मिळतं ते मुख्यतः जमिनीचे पैसे, खोलीभाडं, खानावळ, गाड्या. हे उत्पन्न खरंच आहे. पण त्याला सुट्या भागांच्या साखळीइतकंच वजन देऊन एकाच शब्दात कोंबलं, तर विश्लेषण संपलं.

आता सदाशिव पेठेत या. स्पर्धा परीक्षेचे क्लास मोबाइलवर गेले. परभणीचा मुलगा घरबसल्या तेच लेक्चर ऐकतो. अंतर खरंच संपलं असतं, तर इथल्या अभ्यासिका आणि कॉट बेसिसच्या खोल्या ओस पडायला हव्या होत्या. तसं झालेलं नाही. लेक्चर फोनवर मिळतं. सोबत अभ्यास करणारा ग्रुप, अभ्यासिकेची शिस्त, चहावर कळणारी बातमी मिळत नाही. म्हणजे लेक्चर पेठेतून परभणीला जातं, फी परभणीहून पेठेत येते आणि पुष्कळदा मागोमाग मुलगाही येतो. गुन्नार मिर्दाल यांनी १९५७ मध्ये हाच धोका सांगितला होता : केंद्राकडून परिघाकडे काही पसरतं, पण परिघातून माणसं आणि भांडवल ओढलंही जातं.

तुम्ही म्हणाल, घरी राहणाऱ्याचं भाडं वाचलं, ते का मोजत नाहीस? बरोबर, मोजायलाच हवं. एका पेठेवरून सिद्धान्त पडत नाही. म्हणूनच दुसरा आक्षेप मोजमापाचा आहे. १९८४ च्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, हे मोजलं. अनुशेष ठरवायला ती मोठी सोय झाली. पण ‘जिल्ह्यात काय आहे’ याचं ते मोजमाप. डिजिटल व्यवहारात ‘जिल्ह्यातून काय जातं, कुठे थांबतं’ हे विचारावं लागतं. जिल्ह्यातले यूपीआय व्यवहार वाढले म्हणजे वापर वाढला, उत्पन्न तिथेच राहिलं असं नाही.

हा शब्दांचा कीस नाही. ‘विकासकेंद्र’ म्हटलं की पुढचा निधीही केंद्रालाच द्यावा, बाकीच्यांना झिरपेल, हा निष्कर्ष गुपचूप आत शिरतो. त्याची किंमत परभणी मोजते.

तेव्हा आज एक काम करा. आराखड्यातलं ते वाक्य काढा आणि त्याजागी तीन रकाने आखा : माणसं, पैसा, ज्ञान. प्रत्येकाखाली लिहा, कुठून निघतं आणि कुठे थांबतं. एखादा रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका. कदाचित तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच असेल.