तक्त्यातले तळे

'परिसंस्थेचे घटक' असा तक्ता अनेक शाळांच्या भिंतीवर दिसतो. निळेशार तळे, कमळ, बेडूक, मासे, बगळा, कोपऱ्यात सूर्य. खाली दोन रकाने: सजीव आणि निर्जीव. अन्नसाखळीचे बाण नीट काढलेले असतात, हे मान्य. माझा आक्षेप रकान्यांवर आहे. माती 'निर्जीव'मध्ये लिहिली की गुण मिळतो आणि विषय तिथेच संपतो.

वास्तविक आर्थर टान्स्ली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये 'इकोसिस्टिम' हा शब्द मांडला तो ही फाळणी टाळण्यासाठीच. सजीव आणि त्यांच्याभोवतीचे भौतिक जग मिळून एकच व्यवस्था होते, असे त्याचे म्हणणे.

बीडच्या शिक्षकाला उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. तळे आटते तेव्हा काय घडते? उरलेल्या डबक्यात माशांची दाटी होते, पाणी तापते, त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, मासे मरतात. ते कुजवणारे जिवाणू राहिलेला प्राणवायूही वापरतात आणि आणखी मासे मरतात. यात पाण्याने माशांना मारले की जिवाणूंनी? रकान्यांपाशी उत्तर नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले दिवाळीच्या सुमारास तळ्यात पाणी पाहून निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात तेव्हा तिथे भेगाळलेला गाळ असतो. तक्त्यातले तळे मात्र बारमाही काठोकाठ! ज्याने तळे आटताना पाहिले, त्याचेच उत्तर चूक ठरावे?

तक्ता काढून टाका असे मी म्हणत नाही. त्याच्याखाली काचेचे दोन पेले ठेवावेत. एकात आटलेल्या तळ्याचा मूठभर सुका गाळ, दुसऱ्यात तोच गाळ तव्यावर खरपूस भाजून. दोन्हींत उकळून गार केलेले पाणी ओतावे, वर फडके बांधावे, पेले उजेडात पण उन्हाबाहेर ठेवावेत. आठ-दहा दिवस रोज भिंगातून पाहावे. पहिल्या पेल्यात बहुधा हिरवट थर आणि वळवळणारे बारीक जीव दिसू लागतील. त्यांची अंडी व बीजाणू गाळात सुप्त होते. भाजलेल्या गाळावरही हवेतून बुरशी येऊ शकते, तेव्हा मुले गोंधळतील. गोंधळू द्यावे, आणि दोन्ही पेल्यांतली माती कोणत्या रकान्यात लिहायची ते त्यांनाच विचारावे.