शेवटच्या कडव्यातले नाव

पाचूबंदर हा वसईच्या किल्ल्याला लागून असलेला कोळीवाडा. इथे इतिहासाचा विषय निघाला की बोलणे १७३९ वर जाते. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली ते हे साल. पण वसईचे दुसरेही एक साल आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. तह करणाऱ्या याच पेशव्याचा आश्रय पुण्याच्या होनाजी-बाळा या जोडीला होता. त्याची सही आता पाठ्यपुस्तकात उरली आहे. त्याने ऐकलेली गाणी मात्र अजून लोकांच्या ओठांवर आहेत. ती कोणी सांभाळली आणि सांभाळताना काय गळाले, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

होनाजी शिलारखाने जातीने गवळी. तो कवने रची आणि बाळा करंजकर ती गाई. फडाचे नाव दोघांचे मिळून झाले. नाममुद्राही अशी जोडून आली की पुढच्या पिढ्यांतल्या कित्येकांना होनाजी बाळा हा एकच माणूस वाटला. आमच्या मते या जोडनावात एक मोठा विचार आहे. मराठी कवितेत नाममुद्रा सहसा रचणाऱ्याची असते. इथे गाणाऱ्यालाही कवितेत जागा मिळाली. कवन कागदावर पुरे होत नाही, ते गळ्यातून गेल्यावर पुरे होते, हे या दोघांनी मान्य केले होते. म्हणून नंतर जो कोणी होनाजीचे कवन गायला, तो एका अर्थाने बाळाच्या जागी बसला.

या जागेवर बसलेल्यांची दोन घराणी आम्हाला दिसतात. पहिले बैठकीच्या लावणीचे. लावणीला रागदारीची बैठक देण्याचे आणि ती तबल्याच्या साथीने गाण्याचे श्रेय परंपरा होनाजीला देते. ही बैठक पुढे चालवली ती प्रामुख्याने कलावंत स्त्रियांनी. वाईच्या यमुनाबाई वाईकर आणि सत्यभामाबाई पंढरपूरकर ही त्यांतली ठळक नावे. बैठकीत लावणीची एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी अदा बदलते. रुसवा, आर्जव, थट्टा, सगळे त्याच शब्दांतून निघते. ही भर गाणारणीची. यमुनाबाईंना १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्या वारल्या. ज्या समाजाने या स्त्रियांना आयुष्यभर वेशीबाहेर उभे केले, त्याच समाजाचा ठेवा त्यांच्या गळ्यात होता.

दुसरे घराणे चित्रपटाचे आणि आकाशवाणीचे. १९५१ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘अमर भूपाळी’ आला. होनाजीच्या भूमिकेत पंडितराव नगरकर होते, संगीत वसंत देसाई यांचे. नगरकर आणि लता मंगेशकर यांनी गायलेली ‘घनश्याम सुंदरा’ घराघरांत पोहोचली. आज ती ऐकताना आपण दोनशे वर्षांपूर्वीचे गाणे ऐकत आहोत असे वाटते. शब्द जुने आहेत हे खरे, पण आपल्या कानात बसलेले रूप १९५१ चे आहे. यात फसवणूक नाही. बाळाच्या जागी नवा बाळा आला आणि त्याने कवनाला नवे आयुष्य दिले. मात्र एक निवड झाली, ती नजरेआड करू नये. लावणीकार म्हणून ज्याची हयात गेली, तो होनाजी मध्यमवर्गीय घरात शिरला तो सकाळी, देवाला जागवणारे गाणे घेऊन. त्याच्या लावण्या बैठकीतच राहिल्या. ‘लटपट लटपट’ त्याच चित्रपटाच्या आधाराने बाहेर आली, हा अपवाद. कवीची प्रतिमा कोणते गाणे कोणाच्या तोंडी बसले यावर ठरते, त्याने एकूण काय लिहिले यावर नाही.

इथे आमच्या डोळ्यांपुढे सगनभाऊ येतो. होनाजी-बाळाचा हा समकालीन. जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार, राहणारा जेजुरीचा. हत्यारांना धार लावणाऱ्या या माणसाने मराठी लावणीत असे नाव मिळवले की त्याच्या आणि होनाजीच्या फडांची चुरस ही आठवणीत राहण्याची गोष्ट ठरली. त्याच्या नावावर पोवाडेही आहेत. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ १९९० च्या सोलापूर संमेलनापासून उभी राहिली. तेव्हापासून आपण पूर्वसुरींची यादी सांगताना श्रीगोंद्याच्या शेख महंमदांबरोबर सगनभाऊचेही नाव घेतो. नाव घेतो, गाणे मात्र म्हणत नाही. होनाजीला जशी भूपाळी मिळाली तसे घरोघर पोहोचलेले गाणे सगनभाऊच्या वाट्याला आले नाही. तो राहिला संग्रहात आणि बैठकीत.

त्यातच शेवटच्या कडव्याची गोष्ट आहे. शाहिराची नाममुद्रा कवनाच्या शेवटी येते. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. मंचावरही वेळ कमी पडला की ध्रुपद आणि एक-दोन कडवी घेऊन टाळ्यांना मोकळे होतात. कात्री लागते ती शेवटाला. होनाजीचे नाव तेथे गळाले तरी बिघडत नाही, चित्रपटाने ते सर्वांना सांगून ठेवले आहे. सगनभाऊचे गळाले की ती लावणी ‘पारंपरिक’ होते. मग ‘मराठी लावणीत मुसलमानांचे काय?’ असे कोणी विचारले, तर उत्तर त्या गाळलेल्या कडव्यातच पडून राहते.

अशी जोडी विसाव्या शतकातही झाली. अण्णाभाऊ साठे आणि बार्शीचे अमर शेख १९४४ च्या लाल बावटा कलापथकात एकत्र आले, द. ना. गव्हाणकर त्यांच्याबरोबर होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ गाजली ती शेखांच्या बुलंद आवाजाने. अण्णाभाऊंच्या शब्दांना शेखांचा गळा, म्हणजे होनाजीला बाळाच. दोघेही १९६९ मध्ये गेले. छक्कड आजही गायली जाते. लिहिणाऱ्याचे नाव सांगितले जाते, ते सांगितलेच पाहिजे. तिला पहिला आवाज देणाऱ्याचे नाव मात्र निवेदकाच्या वहीत असेलच असे नाही.

समीक्षकांनी आजवर शाहिरांकडे संग्रहाच्या पानावरून पाहिले. संग्राहकांचे ऋण मोठेच आहे. १८९१ मध्ये ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह छापला नसता तर बरेच काही नाहीसे झाले असते. पण पान शब्द राखते, चाल आणि अदा राखत नाही. त्यासाठी गाणाऱ्यांची वंशावळ मांडावी लागेल. कोणते कवन कोणाकडून कोणाकडे गेले, कोणी कोणते कडवे सोडले, कोणी कोणती जागा वाढवली, हे लिहून ठेवावे लागेल. आपल्या संमेलनांत ठरावांना जेवढा वेळ मिळतो, त्यातली अर्धी घटका एखाद्या जाणत्या गाणारणीला द्यावी. तिने सगनभाऊची एक लावणी अथपासून इतिपर्यंत म्हणावी. सगळी कडवी, आणि शेवटी त्याचे नाव.