टांक्याचें नांव आणि टांक्याची कृति

बॉबिनच्या लेसवरील पाश्चात्त्य पुस्तकें चाळतांना परिभाषेचा जो घोटाळा आम्हांस आढळला, तो पोथ्यांतील पाठभेदांशीं झगडणाऱ्या आमच्या वाचकांस अपरिचित वाटणार नाहीं. उशीवर छिद्रांकित चर्मपत्र ठेवून, बॉबिनांवर गुंडाळलेले धागे टाचण्यांच्या आधारानें गुंफावयाचे, अशी ही कला. झुरिच येथें फ्रोशाउअरनें १५६१ सालीं छापलेल्या नमुनापुस्तकाची कर्त्री स्वतःस 'आर. एम.' एवढेंच म्हणविते. ही विद्या १५३६ च्या सुमारास इटलीच्या व्यापाऱ्यांबरोबर आपल्या देशीं आली, असें ती सांगते.

मूळ क्रिया दोनच. चार धाग्यांपैकीं मधले दोन एकमेकांवरून नेणें, ह्यास आम्ही व्यत्यास म्हणूं. प्रत्येक जोडींतले दोन धागे परस्परांवर फिरविणें, तो पीळ. व्यत्यास, पीळ, व्यत्यास ह्या त्रयीनें साध्या कापडासारखी वीण होते. इंग्लंडांत डेव्हनचे कारागीर हिलाच 'पुरा टांका' म्हणतात. जर्मन भाषेंत हिचें नांव 'लायनेनश्लाग', म्हणजे तागाच्या कापडाचा टांका. आणि तेथील 'गान्त्सश्लाग' ह्याचा शब्दार्थ 'पुरा' असला, तरी त्यांत एक पीळ अधिक, म्हणजे क्रिया चार! केवळ शब्दकोश हातीं घेऊन भाषांतर करणारा येथेंच फसतो, व मोकळ्या विणीच्या जागीं दाट कापड तयार होतें. (सुई मुळींच नसतां 'टांका' म्हणणें हेंहि सैलच, 'श्लाग' म्हणजे आघात.) पाणिनीनें 'वृद्धि' म्हणजे काय हें प्रथम बांधून दिलें, मग ती संज्ञा वापरली. ह्या ग्रंथकारांस तेवढी शिस्त पाळणें जड नव्हतें.

काठाचें प्रकरण याहून बिकट. एक काठ सरळ, तो वस्त्रास शिवावयाचा. दुसरा नक्षीचा, मोकळा. विणतांना सरळ काठ उजवीकडे ठेवणें ही इंग्रजी रूढि, डावीकडे ही युरोपखंडाची. एवढ्यावरून सुट्या तुकड्याचा देश ठरविण्याचा मोह होतो, आणि आम्हींहि एकदां तसा ठरविला होता! परंतु तुकडा पालथा घातला कीं डावें तें उजवें होतें. शिवाय पुष्कळ प्रकारांत विणतांना लेसची उलटी बाजूच वर असते. विणण्याची दिशा व बाजू निश्चित झाल्यावांचून हें प्रमाण कुचकामी होय.

सबब सूचींत स्थानिक नांव जसेंच्या तसें देऊन त्यापुढें क्रियांचा क्रम लिहावा, आणि कडेच्या जोडीचे पीळ मोजून नोंदवावे. जुनें चर्मपत्र मिळाल्यास त्यावरील शाईच्या खुणा पुसट असल्या तरी त्या गिरवूं नयेत.