आशय तुमचा, साचा आमचा

मराठी समीक्षेत 'आशय आणि अभिव्यक्ती' नावाचा एक जुना तंटा आहे. ही दोन वेगळी काढता येतात की नाही, यावर मर्ढेकरांपासून अनेक थोरांनी शाई खर्च केली. मी पडलो बी.कॉम., त्यामुळे या वादापासून सुरक्षित अंतरावर होतो. आमच्या बँकेत आशय म्हणजे रक्कम आणि अभिव्यक्ती म्हणजे व्हाउचर. दोन्ही जुळली की सही, नाही जुळली की पेणहून रोह्याची संध्याकाळची गाडी चुकली. पण संगणकवाल्यांनी हा तंटा केव्हाच निकालात काढला आहे, ही बातमी गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याने आंबा चोखता चोखता दिली.

"मामा, आशय वेगळा, मांडणी वेगळी. दोघांची गाठच पडू द्यायची नाही."

भाचा पुण्याला एका कंपनीत जुन्या संगणकप्रणाली सांभाळतो. वृद्धाश्रमातलीच नोकरी म्हणायची. त्याने मला पद्धत समजावली. माहितीच्या प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी पाटी लावायची : इथे उंची सुरू, इथे उंची संपली. याला म्हणतात एक्सएमएल. उघडलेली एक पाटी मिटायची राहिली, तर सगळे पान नामंजूर. (इथे मला जरा घरच्यासारखे वाटले.) मग या माहितीवर एक्सएसएलटी नावाची स्टाईलशीट ठेवायची. ती सांगते, 'मूर्ती' दिसली की टेबलाची एक ओळ काढ, 'भाव' दिसला की एक रकाना काढ. माहिती कुणाचीही असो, साचा तोच. १६ नोव्हेंबर १९९९ रोजी डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या महापंचायतीने या पद्धतीला अधिकृत मान्यता दिली.

आता या कलाकृतीचे परीक्षण. परीक्षणात आधी गुण सांगायची चाल आहे, म्हणून सांगतो : एका माहितीतून दहा तऱ्हेची पाने निघतात, हा गुण मोठाच. दोषांची यादी मात्र लांब आहे.

पहिला दोष. हिच्यातल्या 'व्हेरिएबल'ला एकदा किंमत दिली की ती पुन्हा बदलता येत नाही. शाळेत याला आम्ही 'चल' म्हणत असू. हा जागचा न हलणारा चल! त्यामुळे प्रत्येक ओळीला बाकी काढत जायची, तर साच्याला स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाका मारत बसावे लागते. 'मागील पानावरून पुढे' एवढ्या साध्या गोष्टीसाठी जी भाषा इतका घाम काढते, तिचा जनक कॅशच्या खिडकीत कधी बसलेला नसणार.

दुसरा दोष. एखाद्या तुकड्याचे काय करायचे हे सांगायचे राहून गेले, तर साचा गप्प बसत नाही. तो त्यातला मजकूर आहे तसा पानावर ओततो. लग्नात ज्या काकांना काही काम नेमून दिलेले नसते ते मांडवभर जसे बोलत सुटतात, तसेच हे.

तिसरा दोष सगळ्यांत वाईट. पान कसे दिसावे, हे शेवटी साच्याच्या हातात नसतेच. साचा फक्त एचटीएमएल काढतो. रंग आणि रुंदी सीएसएस ठरवते, आणि ते सगळे वाचून ब्राउझर आपल्या मनाचे करतो. म्हणजे सासू, सासरे आणि नणंद असे तीन कारभारी. त्यात इंटरनेट एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती १९९९ च्या मार्चमध्येच आली, ती कच्चा मसुदा डोक्यात घेऊन. मान्यता आली नोव्हेंबरात. आधी लग्न, मग मुहूर्त! एकासाठी लिहिलेला साचा दुसऱ्याकडे चालेना.

हे सगळे मी करमणूक म्हणून ऐकले असते. पण भाच्याला उत्साह आला आणि त्याने पेणच्या एका मूर्तिकार स्नेह्याची दरसूची याच पद्धतीने बनवून दिली. पेण म्हणजे गणपतींचे माहेर. पेणात आणि जवळच्या हमरापूर, जोहे भागात घरोघर कारखाने, आणि इथल्या मूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जातात. रकाने चार : नाव, रंग, भाव, उंची. आमच्या स्नेह्याने काही मूर्तींचा भाव कोराच ठेवला होता. त्याचे म्हणणे, "डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मी भाव सांगत नाही."

माहितीत भाव नाही, म्हणून साच्याने रकाना काढला नाही. रकाना नाही, म्हणून पुढची उंची एक घर डावीकडे सरकली. अठरा इंची मूर्ती अठरा रुपये!

आठ दिवस फोन थांबेना. पनवेलहून एक गृहस्थ मोबाईल उघडूनच कारखान्यात आले आणि म्हणाले, "जाहिरातीत एक आणि दुकानात एक, हा धंदा बरा आहे तुमचा." हे त्याला फार लागले. या धंद्यात आगाऊ नोंदणी शब्दावर होते. हंगाम एकच, त्यावर वर्ष काढायचे आणि आमच्यासारख्यांचे कर्जही फेडायचे. माणसाचा शब्द एका रकान्याने घसरला, तर तो कुठल्या खात्यात जमा करायचा?

गंमत अशी, की माहिती तपासली तर बिनचूक, साचा तपासला तर बिनचूक. चूक होती दोघांच्या मधल्या जागेत, आणि त्या जागेवर कुणाची नेमणूकच नव्हती. आपल्या नोटेच्या पाठीवर पंधरा भाषांची छोटी चौकट असते. तिच्यात मराठी कशी नेमकी मावते! कारण चौकट आखणाऱ्याला आत काय लिहायचे आहे ते ठाऊक होते.

मूर्तिकाराने मला जे दाखवले, ते मला कुठल्याही समीक्षेपेक्षा पटले. कारखान्यात साचे असतातच. पण आधी कोणीतरी हाताने मातीची मूर्ती घडवतो, आणि मग तिच्यावरून साचा निघतो. साचा मूर्तीच्या पोटचा. भाच्याकडे साचा आधी, त्यात माती कुणाचीही. आणि साच्यातून निघालेल्या शंभर मूर्ती सारख्याच असल्या, तरी डोळे एकेकीचे हाताने आखावे लागतात. भाव तिथे ठरतो.

२०२५ साली गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून एक्सएसएलटीची सोय काढून टाकणार असल्याचे जाहीर केले. वापर थोडा, यंत्रणा जुनी, सुरक्षेला धोका, ही कारणे. कंपन्यांच्या तळघरातल्या संगणकांत ती अजून राबेल, भाच्याची नोकरीही टिकेल. पण तिची जागा जो कोणी घेईल, तोही आशय आणि मांडणी वेगळी ठेवायला सांगणारच. ठेवा बापडे. फक्त पान बाहेर सोडण्याआधी एकदा कुणीतरी डोळे आखायला बसवा.

भाच्याने साच्यात सुधारणा केली आहे. भाव कोरा असेल तिथे आता 'समक्ष' असा शब्द छापून येतो. मूर्तिकाराला तो फार आवडला. त्याचे म्हणणे, यंदा सगळ्याच मूर्तींपुढे तेवढाच छाप.