उत्पन्न आणि एड्स : एका अनुमानाची मर्यादा

‘दारिद्र्य हेच एड्सचे मूळ होय’ हे विधान आपल्याकडे सिद्ध झाल्यासारखे मांडले जाते. टांझानियातील २००३–०४ च्या पाहणीत मात्र एचआयव्हीचे प्रमाण निर्धनांपेक्षा संपन्नांत अधिक आढळले. तेवढ्यावरून उलट सिद्धान्त उभारणे हेही उतावळेपणाचेच ठरेल.

आपल्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२००५–०६) हे प्रमाण देशात ०.२८ टक्के, तर महाराष्ट्रात ०.६२ टक्के दिसले. परंतु तिने संपत्तीची श्रेणी ठरविली ती उत्पन्नावरून नव्हे, तर घर व घरातील वस्तू यांवरून. शिवाय तिचा आधार कुटुंब हा आहे. क्रांती चौकात रात्र काढणारा एखादा बेघर मजूर, किंवा बीडकडून ऊसतोडीस जाऊन कोपीत राहणारे, मुकादमाच्या हिशेबी ‘एक कोयता’ ठरणारे जोडपे, अशा गणनेतून निसटण्याचा संभव मोठा.

दुसरा दोष कालक्रमाचा. संसर्गाच्या वेळचे उत्पन्न पाहणीच्या वेळी तेच असेल असे नाही. मध्यंतरी आजाराने रोजगार गेलेला असू शकतो. मग दारिद्र्य कारण मानावे की परिणाम? तशात २००४ पासून शासनाने विनामूल्य औषधोपचार सुरू केले. औषधाने जगलेला रुग्ण गणनेत राहतो, दगावलेला गळतो. तेव्हा अधिक प्रमाण हे कित्येकदा अधिक आयुष्याचेही द्योतक असते.

म्हणून नवी लागण, स्थलांतर आणि उपचार यांचा हिशेब अभ्यासकाने वेगवेगळा मांडावा. अन्यथा गरिबाच्या माथी रोगाबरोबर त्याचा दोषही मारला जाईल.