तेच खडक, तेच शत्रू

कमी खर्चात काढलेल्या वेस्टर्न चित्रपटांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. घोडे, धूळ आणि गोळीबार यांपलीकडे त्यांत काहीच नसते, असे एक मत. दुसरे भक्तांचे; त्यांना त्यांतली उणीवसुद्धा कलाच वाटते. हे चित्रपट बारकाईने पाहिले तर ही दोन्ही मते टिकत नाहीत. पैसा कमी असल्यामुळे दिग्दर्शकाला काय सुचले, आणि पैशाशी काही संबंध नसतानाही काय सुचले नाही, या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. त्यासाठी बड बॉटिचर या दिग्दर्शकाचे चित्रपट फार उपयोगी आहेत.

१९५६ ते १९६० या काळात बॉटिचरने रँडॉल्फ स्कॉट या नटाला घेऊन सात वेस्टर्न काढले. त्यांतल्या 'सेव्हन मेन फ्रॉम नाऊ', 'द टॉल टी', 'राइड लोनसम' आणि 'कमांची स्टेशन' या चार उत्तम चित्रपटांच्या पटकथा बर्ट केनेडीच्या. प्रत्येक चित्रपट सव्वा तासाच्या आसपास संपतो. मोजकी पात्रे, चार-सहा घोडे आणि कॅलिफोर्नियातील लोन पाइन गावाजवळचे अलाबामा हिल्सचे गोलसर, तांबूस खडक, एवढ्यावर सारा संसार. आंद्रे बाझँसारख्या फ्रेंच समीक्षकाने १९५७ मध्ये 'सेव्हन मेन फ्रॉम नाऊ'ची मनापासून स्तुती केली, तेव्हा खुद्द अमेरिकेत या चित्रपटांकडे फारसे कोणी गंभीरपणे पाहत नव्हते.

मोठी लढाई उभी करायला पैसे नाहीत, म्हणून माणसे बोलतात. 'द टॉल टी'मधला खलनायक फ्रँक अशर (रिचर्ड बून) नायकाला ताबडतोब ठार मारत नाही. त्याच्या टोळीतली दोन पोरे अडाणी आणि क्रूर. त्यांच्या सोबतीचा त्याला वीट आला आहे. कोणाशी तरी धड चार शब्द बोलावेत, आपलीही थोडी जमीन असावी, ही त्याची भूक. समोरच्या कैद्यात त्याला तो स्वतः होऊ शकला असता असा माणूस दिसतो. शेवटी दोघांपैकी एक मरणार हे ठाऊक असूनही आपण त्यांचे बोलणे गुंतून ऐकतो. याच चित्रपटात टपालगाडीच्या ठाण्यावरच्या बापलेकांचा खून होतो आणि प्रेते विहिरीत टाकली जातात. आपल्याला प्रेत दिसत नाही. नायकाने मात्र त्या मुलासाठी गावातून खाऊ आणलेला असतो. कितीही खर्च केला असता तरी याहून भयंकर काही दाखवता आले नसते.

'राइड लोनसम'मध्ये ही काटकसर कथेच्या मुळाशी जाते. नायक एका खुन्याला पकडून नेतो आहे, पण इतका सावकाश आणि इतक्या उघड्यावरून, की आपल्याला शंका येऊ लागते. त्याला खरा हवा आहे तो मागून येणारा खुन्याचा भाऊ, ज्याने पूर्वी नायकाच्या बायकोला फाशी दिले. ते झाड शेवटी जळते, त्या वेळी पडद्यावर एक वाळका वृक्ष आणि आग यांखेरीज काही नाही.

आता उणिवा. स्कॉटचा चेहरा लाकडी आहे. (ते लाकूड उन्हापावसात मुरलेले आहे, हेही खरे.) लागोपाठ दोन चित्रपट पाहिले की तोच खडक दुसऱ्यांदा भेटतो. वाळवंटात चार दिवस काढूनही नायिकेची केशरचना ढळत नाही. 'वेस्टबाउंड' तर सपशेल सामान्य आहे. पण हे सारे माफ करता येते.

माफ करता येत नाही ते मूळ रहिवाशांचे चित्रण. 'राइड लोनसम'मध्ये अपाची टोळीचा प्रमुख नायिकेच्या बदल्यात घोडा देऊ करतो, आणि तो घोडा तिच्या मारल्या गेलेल्या नवऱ्याचा असतो. प्रसंग कमालीचा परिणामकारक आहे. तरीही त्या प्रमुखाला नाव नाही, मनही नाही. 'कमांची स्टेशन'ची सुरुवातही अशाच, खुणांनी चाललेल्या सौद्याने होते. पुढे कमांची उरतात ते केवळ खडकांआडून येणाऱ्या बाणांपुरते. गोऱ्या दरोडेखोराचे एकाकीपण ज्या लेखकाला दोन वाक्यांत पकडता आले, त्याला एका कमांचीसाठी दोन वाक्ये लिहायला किती डॉलर लागले असते? ही गरिबी निर्मात्याच्या खिशातली नव्हे.

आपल्याला हे अधिक बोचावे असे एक कारण आहे. याच लोन पाइनच्या खडकांत 'गंगा दिन' (१९३९) आणि 'किंग ऑफ द खैबर रायफल्स' (१९५३) यांचे चित्रीकरण झाले. तिथे हेच डोंगर हिंदुस्थानची वायव्य सरहद्द झाले होते, आणि आडून हल्ला करणारे ठग किंवा पठाण होते. ते चित्रपट काही स्वस्तातले नव्हते. शत्रू मात्र तसाच, बिनचेहऱ्याचा. सरहद्दीवरच्याच 'द ड्रम' या ब्रिटिश चित्रपटाविरुद्ध १९३८ मध्ये मुंबईत मुसलमान प्रेक्षकांनी निदर्शने केली होती. पडद्यावरची गर्दी आपली आहे हे ओळखणारा प्रेक्षक तेव्हाही होता.

पुढे सर्जिओ लिओनेने स्पेनच्या अल्मेरिया भागात, थोड्या पैशांत 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) काढला. त्याची कथा कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून उचललेली होती आणि त्यावरून वाद कोर्टापर्यंत गेला. ओठ एक बोलतात, आवाज दुसरेच. लिओनेच्या शैलीचा दाट ठसा 'शोले'वर (१९७५) आहे, त्यामुळे आपल्याकडे वेस्टर्न म्हटले की तोच आठवतो. बॉटिचर त्या मानाने अपरिचित राहिला.

ज्यांनी त्याचे काहीच पाहिलेले नाही, त्यांनी 'द टॉल टी'पासून सुरुवात करावी. 'कमांची स्टेशन' शेवटी पाहावा. त्यातला नायक दहा वर्षे कमांचींनी पळवलेल्या आपल्या बायकोला शोधतो आहे; दुसऱ्याची बायको घरी पोचवून तो पुन्हा त्याच खडकांकडे एकटा वळतो. तिचे काय झाले, ती तिथे कशी जगली, हे सांगू शकणारी माणसे त्या खडकांत आहेत. कॅमेरा त्यांच्याकडे जात नाही.