फोटोखालचा शेरा

मागच्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी शालेय विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून आम्ही गेलो होतो. तेथे ‘माझा परिसर’ या विषयावर मुलांनी मोबाईलने काढलेल्या छायाचित्रांचे एक दालन होते. चाळीसेक चित्रे, आणि प्रत्येकाखाली लाल शाईत शिक्षकांचा एका ओळीचा शेरा. चित्रे आम्हांला आवडली. तक्रार आहे ती शेऱ्यांबद्दल. ती येथे मांडतो, कारण असे शेरे आपण सगळेच देत असतो.

निम्म्याहून अधिक चित्रांखाली नुसते ‘छान’ होते. ‘छान’ने मूल सुखावते, पण पुढच्या वेळी काय करायचे हे त्याला कळत नाही. उरलेल्यांपैकी तीन शेरे पाहू.

पहिले चित्र संध्याकाळच्या कबड्डीचे. चढाई करणारा मुलगा पुसट आला होता. शेरा होता, ‘हात हलला. मोबाईल स्थिर धरावा.’ पण मैदानाकडेला लावलेल्या सायकलींच्या चाकांतील तारा मोजता येत होत्या! हात हलला असता तर त्याही फिसकटल्या असत्या. हलला तो खेळाडू. उजेड कमी असला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. सेकंदाला ५ मीटर धावणारा मुलगा १/३० सेकंदात सुमारे १७ सेंटिमीटर पुढे जातो, तर १/५०० सेकंदात फक्त १ सेंटिमीटर. म्हणजे या विद्यार्थ्याने शेरा मानून हात कितीही घट्ट धरला, तरी चित्र पुन्हा तसेच येणार. त्याला सांगायला हवे होते ते असे : ऊन असताना काढ, किंवा खेळाडू वळताना क्षणभर थबकतो तेव्हा काढ. शटर किती वेळ उघडे होते याची नोंद बहुधा चित्राच्या तपशिलात मिळते. ती मुलांना वाचायला लावली, तर गतीचे एक चांगले गणित हाती येते.

दुसरे चित्र विहिरीचे, काठावरून खाली वाकून घेतलेले. दगडी बांधकामाची वर्तुळे एकात एक आणि बरोबर मध्ये आभाळाचा तुकडा. शेरा होता, ‘विषय मध्यभागी आला. एकतृतीयांशाचा नियम पाळावा.’ चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून मुख्य वस्तू त्या रेषांवर ठेवावी, हा तो नियम. या नावाने तो जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांच्या संदर्भात मांडला. छायाचित्रणाची घोषणा झाली १८३९ मध्ये. म्हणजे हा प्रकाशाचा किंवा डोळ्याचा नियम नव्हे. एका चित्रकाराची ती सूचना आहे. ती निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. सगळे काही मध्यभागी ठेवण्याची नवशिक्याची सवय तिने मोडते. पण विहीर गोल आहे आणि मुलाला तो गोलपणाच दाखवायचा होता. हेतू न विचारता नियम लावला, की मूल पुढच्या वेळी विहिरीकडे न पाहता रेषांकडे पाहू लागते.

तिसऱ्या शेऱ्यासाठीच खरे तर हा लेख लिहावासा वाटला. आठवीतल्या एका मुलीने आपल्या आजीचे चित्र काढले होते. भर दुपारी, चुन्याने रंगवलेल्या भिंतीपुढे, ओट्यावर बसून आजी ज्वारी पाखडते आहे. सूप सुंदर आले होते; चेहरा मात्र काळा, डोळेसुद्धा न दिसणारा. शेरा होता, ‘फोटोसाठी उजळ चेहरा निवडावा.’

हा शेरा दुखावणारा आहेच, शिवाय विज्ञान म्हणूनही चूक आहे. समोर काय आहे हे साधा प्रकाशमापक ओळखत नाही. चौकटीतला उजेड सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणाऱ्या पृष्ठभागासारखा आहे, असे धरून तो हिशेब करतो. चुन्याची भिंत त्याच्या चौपटीहून अधिक प्रकाश परतवते. तिने चौकटीचा बराच भाग व्यापला, की कॅमेरा एकूण प्रकाशच कमी घेतो. भिंत राखाडी होते आणि आजीचा चेहरा अंधारात जातो. दोष कातडीच्या रंगाचा नाही. तो मोजणीच्या गृहीताचा आहे.

वर्गात हे पाच मिनिटांत दाखवता येते. एकाच उजेडात पांढरा कागद आणि काळा कागद यांची वेगवेगळी चित्रे घ्या. प्रत्येक वेळी कागदाने पूर्ण चौकट भरू द्या आणि फ्लॅश बंद ठेवा. पांढरा मळकट येईल, काळा भुरकट येईल. आजचे मोबाईल बरीच दुरुस्ती आपण होऊन करतात, तरीही फरक ध्यानात येतो.

माणसाच्या रंगाचे असे गृहीत पूर्वी फिल्मच्या छपाईतही होते. रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून छपाई करणाऱ्या प्रयोगशाळांना नमुन्याचे चित्र पुरवीत असे. ‘शर्ली कार्ड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चित्रावर अनेक वर्षे गोरी स्त्रीच असे. सावळे चेहरे नीट येत नसत, आणि दोष चेहऱ्यांना दिला जाई. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे १९९०च्या दशकात आली. आपण आपल्याच वर्गात तीच चूक का करावी?

कबूल करायला हवे की ‘चेहरा स्पष्ट नाही’ म्हणून आम्हीही त्या चित्राला आधी खालचे गुण दिले होते. शेरा वाचल्यावर आम्ही थबकलो आणि चित्र पुन्हा पाहिले. गुण बदलले, पण गुण बदलणे सोपे असते.

तेव्हा शेरा देण्यापूर्वी तीन प्रश्न मुलालाच विचारावेत असे आम्ही सुचवतो. तुला काय दाखवायचे होते? चित्रात प्रत्यक्ष काय आले आणि कशामुळे? पुढच्या वेळी कोणती एकच गोष्ट बदलून पाहशील? यांतला दुसरा प्रश्न शुद्ध विज्ञानाचा आहे, आणि तिसऱ्यातला ‘एकच’ हा शब्द प्रयोगशाळेचा.

त्या मुलीला आम्ही इतकेच सांगितले की पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकव आणि मग उजेड वाढवून पाहा. दुसऱ्या दिवशी तिने नवे चित्र आणून दाखवले. आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्या, गोंदण, डोळे, सारे दिसत होते. भिंत मात्र पांढरीफटक झाली होती. तिच्यावरचे पोपडे नाहीसे झाले होते.

“सर, भिंत गेली. चालेल का?” तिने विचारले.

आम्ही म्हणालो, “ते तू ठरव.”